फळा, खडू आणि ओलं फडकं : त्र्यंबकअण्णा लोंढे

आठ फूट लांब, चार फूट रुंद फळा एक. बाभळीच्या पाच फळ्या, मागून तीन आडव्या पट्ट्या, खिळा एकही नाही, सगळ्या लाकडी खुंट्या. त्या फळ्याला दर दिवाळीनंतर द्यायचा काळा रंग: कोळशाची वस्त्रगाळ पूड, निकामी सेलमधली भुकटी आणि भोपळ्याच्या पानांचा रस. चार पायऱ्यांची शिडी. तिची तिसरी पायरी मुद्दाम दुप्पट रुंद, कारण अण्णांच्या आयुष्यातल्या बहुतेक सकाळी त्या तिसऱ्या पायरीवरच गेल्या. पितळी साच्यात ओतलेले खडू, अंगठ्याएवढे जाड. बोरूच्या लेखण्या, किती केल्या ते त्यांनाही सांगता येणार नाही, आज घरात एकतीस आहेत. एक्स-रेच्या जुन्या फिल्मा कातरून केलेली अक्षरांची स्टेन्सिलं, आकड्यांचा संच वेगळा. तेलाच्या डब्यांचे पत्रे उलगडून फळ्यावर घातलेलं वीतभर पुढं आलेलं छप्पर. आणि माझ्या वडिलांसाठी केलेली एक लहान पाटी, जिच्याबद्दल पुढं लिहिणार आहे.

श्री. त्र्यंबक मारुती लोंढे, म्हणजे आमच्या त्र्यंबकअण्णांनी, स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूंची ही यादी आहे. मापं मी स्वतः टेप लावून घेतली आहेत. अंदाजानं लिहिणं मला जमत नाही आणि अण्णांबद्दल तर तसं मुळीच लिहू नये.

अण्णांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण होत आहेत. तेरच्या पुढं, तेरणेच्या काठानं सायकलवर निघालं की तासाभरात लागतं ते आमचं गाव. तिथं तीन एकर कोरडवाहू जमीन आणि पेंटरकी यांवर अण्णांनी संसार केला. पण धाराशिव जिल्ह्याच्या या भागात त्यांना लोक ओळखतात ते बंद पडलेल्या दूध केंद्राच्या भिंतीवरच्या फळ्यामुळं. गावाच्या रोजच्या बातम्या त्या फळ्यावर, अण्णांच्या हातानं. अण्णांच्या पंच्याहत्तरीच्या या गौरवग्रंथासाठी लेख मागताना संपादक मंडळानं "अण्णांच्या सहवासातले चार प्रसंग" असं सुचवलं होतं. चारच येतील असं सांगता येत नाही.

माझी आणि अण्णांची खरी ओळख मी चोवीस वर्षांचा असताना झाली. त्याआधी ते मला दिसत होते, पण पोस्टाची पेटी दिसते तसे. मी दहावीनंतर शाळेत गेलो नाही. संगणक मला कुणी शिकवला नाही. बंद पडलेल्या दुकानातून आणलेल्या एका जुन्या यंत्रावर, चुकत चुकत, मी मराठी टायपिंग, पानाची मांडणी, पुढं फ्लेक्स आणि त्याच्याही पुढं सादरीकरणाच्या स्लाइडी करायला शिकलो. धाराशिवला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत नऊ बाय अकराचा गाळा घेतला आणि पाटी रंगवायला अण्णांना बोलावलं. माझ्या मनात नक्की होतं: तीन रंग, सावली पडलेली अक्षरं, वर "डीटीपी सेंटर".

अण्णांनी पत्र्यावर आधी पांढरा हात मारला, तो वाळेपर्यंत उंबऱ्यावर बसले आणि विचारलं, "तुमी इथं करता काय?"

"डीटीपी."

"ते झालं. पण येरमाळ्याहून एखादी बाई कागद घेऊन आली, तर तिला काय म्हणाल?"

मी म्हणालो, "म्हणेन, इथं कागद टाइप करून, छापून मिळतो."

"मग तेच लिवू की. तिला पाटीनंच सांगितलं म्हंजे तुमचं तोंड वाचलं."

मला पटलं नव्हतं, पण उन्हाची वेळ होती, मी खुर्चीत बसलो होतो, आणि त्यांचा ब्रश त्या पांढऱ्या पत्र्यावर इतका सावकाश चालला होता की माझे डोळे जड झाले. अर्धवट झोपेत मला वाटलं, ते अक्षरं काढत नाहीत. अक्षरं पत्र्याच्या आत आधीपासून आहेत आणि अण्णा नुसते त्यांच्यावरची पांढरी धूळ बाजूला करत आहेत. जाग आली तेव्हा पाटी पूर्ण झाली होती. "इथं कागद टाइप करून, छापून मिळतो." खाली माझं पूर्ण नाव, वडिलांच्या नावासह. सगळं गाव मला दिग्या म्हणायचं. अण्णांनी त्या दिवसापासून आजपर्यंत मला दिगंबर सोडून दुसरी हाक मारली नाही. काम संपलं तसा त्यांच्या तोंडून "तुमी" गेला आणि "तू" आला, तो मात्र कायमचा.

ती पाटी अजून आहे. तिच्या दोन्ही बाजूंना मी पुढं चमकणारे फलक लावले. आत येणारी माणसं अजून मधली वाचून येतात.

त्यानंतर मी रविवारी गावी जायला लागलो. घरच्यांना वाटायचं शेताकडं बघायला जातो. मी फळा बघायला जायचो.

तो कसा चालतो हे बाहेरच्या वाचकाला सांगायला हवं. सकाळी साधारण साडेसहाला अण्णा शिडी लावतात. तेरणेवरून धुकं येण्याचे दिवस असले तर शिडी दिसते, अण्णा दिसत नाहीत, नुसता खडूचा आवाज येतो. एसटीची बदललेली वेळ, कुणाच्या घरी जन्म, कुणाच्या घरी मयत, तलाठी कधी बसणार, कुणाची शेळी हरवली. सहा ओळी, क्वचित सात. जागा संपली की सगळ्यात खाली "राहिलेलं उद्या" असं लिहून ते उतरतात, आणि दुसऱ्या दिवशी राहिलेलंच पहिल्यांदा येतं. अण्णा स्वतः लिहिलेलं स्वतः कधी वाचून दाखवत नाहीत. वाचता येणारं जे माणूस पहिल्यांदा समोरून जाईल, त्यानं थांबून मोठ्यानं वाचायचं, मग पुढं जायचं. हा रिवाज कुणी ठरवला माहीत नाही. पण आमच्या गावात घाईत असलेला माणूस दूध केंद्रावरून जात नाही, मागच्या बोळानं जातो.

आणि फडकं. फळ्याच्या उजव्या खुंटीला धोतराचा एक हात लांब तुकडा ओला करून टांगलेला असतो. आपल्याबद्दल चुकीचं आलंय असं ज्याला वाटेल, त्यानं यावं, ती ओळ पुसावी. अण्णांना विचारायचीही गरज नाही. अट एकच: पुसताना निदान चार माणसं समोर असावीत आणि का पुसलं ते त्यांना सांगून जावं.

एकदा अण्णांनी लिहिलं होतं, "श्री. बबन विठोबा काळे यांचे लग्न मोडले." बबन आठ वाजता आला, चार माणसं गोळा होईपर्यंत चहा प्याला, मग ओळ पुसून म्हणाला, "मोडलं न्हाय. पुढं ढकललंय. पोरीच्या आज्जीला बरं न्हाय."

मागून कुणी तरी म्हणालं, "आज्जीला का तुला?"

"मला काय झालंय?"

"तेच इचारायलोय."

हशा झाला. दुसऱ्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ होती, "श्री. बबन विठोबा काळे यांचे लग्न मोडलेले नाही. पुढे गेले आहे. कालची चूक लिहिणाऱ्याची." आज्जी बऱ्या झाल्या, लग्नही झालं.

मोबाइल आले, गावाचा ग्रुप झाला. मला वाटलं, फळा आता दोन-चार वर्षांचा सोबती. मी अण्णांना एकदा म्हणालोही, "आता मेसेजसुद्धा पुसता येतो, अण्णा. सगळ्यांच्या फोनमधून जातो."

ते म्हणाले, "जातो व्हय. पण पुसणारा दिसत न्हाय."

अण्णा मोबाइलच्या विरोधात आहेत असा कुणी समज करून घेऊ नये. लेकीशी ते रोज बोलतात, नातवाला बोरू कापायचा व्हिडिओ करून पाठवतात, आणि तो व्हिडिओ मी केलेल्या पुष्कळ व्हिडिओंपेक्षा स्वच्छ आहे. त्यांचं म्हणणं एवढंच की प्रत्येक हत्याराला स्वतःची एक सवय असते आणि ते माणसालाही ती लावतं.

आता वडिलांची पाटी. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाला आणि वाचा गेली. डोळे शाबूत, समज शाबूत, उजवा हात थोडा चालायचा. आम्ही घरातली माणसं त्यांच्यासमोर उभं राहून एकामागून एक विचारायचो, पाणी हवं का, ऊन लागतं का, आणि ते डोळे मिटून घ्यायचे. मी त्यांच्यासाठी संगणकावर चित्रांचा एक तक्ता केला होता. रंगीत, सुबक. त्यात बर्गर होता. तयार चित्रांत जे मिळालं ते घेतलं होतं.

अण्णा भेटायला आले, तक्ता बघितला आणि गेले. चार दिवसांनी एक पाटी घेऊन आले. दीड फूट बाय एक फूट. त्यावर अकरा चौकोनांत त्यांच्या ठळक अक्षरात शब्द: पाणी. कूस. पांघरूण. खिडकी. बैल. दिगंबर. आई (म्हणजे माझी आई). देव. दुखतंय. नको. बरं आहे. आणि बारावा चौकोन कोरा.

मी विचारलं, "हा राहिला का?"

"राहिला न्हाय. मोकळा ठेवलाय. त्यांच्या मनात काय काय आसंल, आपल्याला थोडंच ठावं?"

पहिल्या दिवशी वडिलांनी बोट थेट त्या कोऱ्या चौकोनावर ठेवलं. आम्ही विचारत गेलो, ते "नको"वर बोट नेत राहिले. संध्याकाळपर्यंत उलगडलं: शेजारच्या वावरातली चिंच त्यांना बघायची होती. आम्ही खाट उचलून अंगणाच्या कोपऱ्यात नेली. वडील पुढं चौदा महिने होते, आणि त्या चौदा महिन्यांत सगळ्यात झिजला तो कोरा चौकोन. अजूनही कधी दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसलं की ती पाटी मी मांडीवर घेतो. त्या झिजलेल्या जागी लाकडाचं तेज असं आलंय की बघत राहिलं की आत पाणी असल्यासारखं वाटतं.

इथपर्यंत लिहिलेलं कुणीही लिहू शकला असता. यापुढचं माझ्याशिवाय कुणी लिहू शकणार नाही, कारण त्यातली चूक माझी आहे.

गावात नळयोजनेची नवी वाहिनी यायची होती. कुणाकुणाच्या घरी नळ नाही त्यांची यादी ग्रामसभेत मंजूर करून वर पाठवायची होती. सरपंच मंगलताईंनी मला सांगितलं, "पडद्यावर दाखवू. लोकांना नीट कळंल." मी चौदा स्लाइडी केल्या. निळी पार्श्वभूमी, प्रत्येक स्लाइड बदलताना वरून पाण्याचा थेंब पडतो आणि वर्तुळं उमटतात. तो थेंब तयार घेतलेला नव्हता, मी दोन दिवस बसून केला होता.

यादी पंचेचाळीस घरांची होती. एका विषयाला एक स्लाइड हा माझा नियम. शेवटच्या ओळीतल्या माणसाला वाचता आलं पाहिजे, म्हणून अक्षर वीस पॉइंटच्या खाली न्यायचं नाही हा दुसरा नियम. दोन्ही नियम पाळले की स्लाइडवर अठ्ठावीस नावं बसत होती. मी अठ्ठावीस नावं घेतली आणि खाली लिहिलं, "व इतर १७."

यादी टाकीपासूनच्या अंतरानं लावलेली होती. त्यामुळं ती सतरा घरं म्हणजे सगळीच्या सगळी माळावरची वस्ती, मेंढरं राखणाऱ्यांची. तिथली कर्ती माणसं त्या दिवसांत मेंढरं घेऊन लांब गेलेली. मागं म्हातारीकोतारी. सभेला वस्तीवरचं एकही माणूस नव्हतं.

सभा शाळेच्या हॉलमध्ये झाली. पडदा नीट दिसावा म्हणून खिडक्यांना घोंगडी लावली. त्या अंधारात थेंब पडला की लोक "वा" म्हणत. मलाही सगळं स्वप्नासारखं वाटत होतं, निळ्या पाण्याखाली सगळं गाव मांडी घालून बसल्यासारखं. कुणी काही विचारलं नाही. हात वर झाले. ग्रामसेवकांनी पडद्यावरून ठराव उतरवून घेतला, तोही अठ्ठावीस नावं आणि "व इतर". वरच्या कार्यालयात मोजणी झाली ती नावांची. नाव नसलेल्या घरापर्यंत पाइप कुणी काढत नाही.

माघात पाइपसाठीचा चर खणत आला आणि शाळेपाशी थांबला. माळावरच्या राधाबाई सरगर दोन मैल चालत जाऊन रोज पाणी आणायच्या. त्यांनी थांबलेला चर बघितला आणि ग्रामपंचायतीत न जाता अण्णांकडं गेल्या. अण्णांनी मला फोन केला. "दिगंबर, तुझं यंत्र घेऊन ये."

ओसरीवर राधाबाई बसलेल्या होत्या. अण्णांच्या पत्नी सुभद्राकाकूंनी चहा दिला. अण्णा म्हणाले, "जे सभेत दाखवलंस, ते सगळं दाखव." मी चौदाही स्लाइडी दाखवल्या. "परत दाखव." परत दाखवल्या.

"थेंब लई झाक पडायलाय," अण्णा म्हणाले. मग त्यांचं बोट पडद्यावर टेकलं. "हे सतरा कोण?"

मी पुढची स्लाइड लावायला हात नेला. त्यांचं बोट हललं नाही.

"तू लिवायला बसलास तवा नावं व्हती का?"

"होती."

"मंग?"

"बसली नाहीत, अण्णा."

राधाबाई म्हणाल्या, "बसली न्हाईत तर उभी ऱ्हायली आसती की बाबा. आमाला सवय हाय."

सुभद्राकाकू आत गेल्या. मला वाटतं हसू लपवायला. मला हसू आलं नाही. दुसरी स्लाइड केली असती तर सव्वा मिनिट लागलं असतं. मी मोजून पाहिलंय.

अण्णा रागावतील म्हणून मी वाट बघत होतो. ते उठले, आतून खडूचा डबा आणला आणि माझ्यापुढं धरला. "वस्तीवर जा. घराघरापुढं उभा ऱ्हा. नावं इचारून घे, पुरी. आन् उद्या सकाळी फळ्यावर तू लिव."

"मी?"

"तूच उतरवलीस खाली, तूच वर चढव. शिडी मी धरतो."

चर बुजवून ठेकेदाराची माणसं आठ दिवसांनी दुसऱ्या गावी जाणार होती. ती गेली की उरलेला पाइपही जाणार होता, आणि मग नवी योजना कधी येईल ते कुणालाच सांगता येत नव्हतं. माळावर पुढचे उन्हाळे राधाबाईंच्या डोक्यावरच्या घागरींनी निघायचे की नळानं, ते त्या आठ दिवसांवर होतं.

मी कितीतरी वर्षांत हातानं लिहिलं नव्हतं, सही सोडून. तिसऱ्या पायरीवर उभं राहिल्यावर लक्षात आलं की फळा काळा नाही, खोल आहे. खडू टेकवायला धीर होत नव्हता. माझं पहिलं अक्षर डोंगर उतरल्यासारखं खाली गेलं. अण्णा खालून म्हणाले, "आसू दे. नाव खरं हाय न्हवं?" पहिल्या दिवशी सहा, दुसऱ्या दिवशी सहा, तिसऱ्या दिवशी पाच. पहिले दोन दिवस खाली "राहिलेलं उद्या". पहिल्या दिवशी वाचणारा होता बबन काळे. दुसऱ्या दिवसापासून माळावरची म्हातारी माणसं काठ्या टेकत आपली नावं ऐकायला येऊ लागली. ती समोर बसून राहायची. नाव घेतलं गेलं की तोंडातल्या तोंडात "हाय" म्हणायची.

तिसऱ्या दिवशी हरिबा गडदे उठले. त्यांचं नाव नुकतंच वाचलं गेलं होतं. ते फळ्यापाशी गेले, फडकं घेतलं आणि "श्री. हरिबा धोंडिबा गडदे" ही माझी ओळ पुसून टाकली.

मी म्हणालो, "आबा, तुमचंच नाव आहे ते."

"म्हाईत हाय. कारण सांगतो. त्या घरात म्या ऱ्हात न्हाय. तिथं माजी सून ऱ्हाती, सखुबाई. ल्योक गेल्यापसनं तिची चूल येगळी हाय. म्या कडंच्या झोपड्यात. दोन लिवा."

ज्या यादीचा मला गर्व होता, ती यादीच मुळात चुकली होती. घरं सतरा नव्हती, अठरा होती. सखुबाईंचं नाव कुठल्याच कागदात नव्हतं. पडद्यावर मी पंचेचाळीस नावं दाखवली असती, तरी ती चूक तशीच राहिली असती, कारण पडद्याला कुणी फडकं लावत नाही. अण्णा शिडी धरून उभे होते. त्यांनी खडूचा नवा तुकडा वर केला.

पाचव्या दिवशी खास ग्रामसभा बोलावली. ती सहज बोलावली गेली नाही. मंगलताईंना आधी वाटत होतं की झाल्या ठरावाला हात लावला तर पंचायतीचं नाव जाईल. पाणी योजनेचे साहेब म्हणत होते की ठरावात नाव नाही तर आमच्याकडं काम नाही. अण्णा मंगलताईंच्या घरी गेले, सोबत मी. अण्णा एवढंच म्हणाले, "ताई, चूक कुणाची ते फळ्यावर लिवू. मंग पंचायतीचं नाव कशाला जाईल?" आणि त्या दिवशी फळ्यावर पहिली ओळ मी स्वतः लिहिली: "नळाच्या यादीतली नावे गाळण्याची चूक दिगंबर याची." वाचणाऱ्यानं ती तीनदा वाचली. कारण विचाराल तर त्याला मजा वाटली म्हणून.

सभा दिवसा उजेडी झाली. खिडक्या उघड्या. पडदा नाही. मी उभा राहून शेहेचाळीस नावं वाचली, आणि प्रत्येक नावाला ज्याचं त्याचं माणूस उठून "हाय" म्हणालं. माळावरची जी माणसं मेंढरांमागं होती, त्यांच्या वतीनं राधाबाई उठत होत्या. नऊ वेळा उठल्या. शेवटी त्या म्हणाल्या, "आता उभीच ऱ्हाते." त्या सभेत मला पहिल्यांदा कळलं की मोठ्यानं वाचलेलं नाव आणि दाखवलेलं नाव यांत काय फरक असतो. दाखवलेलं नाव बघणाऱ्याचं असतं. वाचलेल्या नावाला उत्तर यावं लागतं.

ठराव सुधारला. मंगलताई तो स्वतः घेऊन साहेबांकडं गेल्या आणि सही झाल्याशिवाय उठल्या नाहीत. ठेकेदाराची माणसं थांबली. अण्णांनी फळ्यावर अठरा नावं दोन रांगांत आपल्या हातानं लिहिली आणि खाली लिहिलं, "नळाला पाणी येईपर्यंत." तेवढे दिवस गावाच्या बातम्या शेजारच्या भिंतीवर गेल्या.

चैत्रात माळावर पाणी आलं. मी दुकान बंद ठेवून गेलो होतो. वस्तीवरून एकेक माणूस खाली येत होतं, अजून ओल्या हातांनी. फडकं उचलायचं, आपलं नाव आपण पुसायचं, समोरच्यांना सांगायचं, "आलं." आणि निघून जायचं. हरिबा आले. सखुबाई आल्या, त्यांना वाचता येत नव्हतं, त्यांनी अण्णांना विचारलं, "माजं कुठलं?" अण्णांनी दाखवलं. त्यांनी आधी त्यावरून बोट फिरवलं, पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत, आणि मग पुसलं. दुपारपर्यंत फळा रिकामा झाला. इतका काळा आणि इतका ओला की त्यात समोरचा लिंब हलताना दिसत होता. आम्ही दोघं तिथं किती वेळ बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. मी घड्याळ बघितलं नव्हतं. माझ्याकडून असं क्वचितच होतं.

मी अजून स्लाइडी करतो. माझं पोट त्यावर आहे आणि मला ते काम उत्तम येतं. तुळजापूरच्या एका शिबिरात मागच्या वर्षी मीच नवीन पोरापोरींना स्लाइड कशी करायची ते शिकवलं. त्यांना मी अक्षराचा आकार सांगितला, रंग सांगितले, आणि सांगितलं की स्लाइडवर जे बसत नाही त्याची एक वेगळी छापील यादी करायची, दाराला लावायची, शेजारी पेन दोरीला बांधून ठेवायचा. एकानं विचारलं, हे कुठल्या कोर्समध्ये आहे? मी म्हणालो, आमच्या गावात दूध केंद्रावर.

अण्णांच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं दिवाळीनंतर आहे. खांदा थंडीत धरतो. तिसऱ्या पायरीवर चढताना आता ते क्षणभर थांबतात, आणि खालून सुभद्राकाकू म्हणतात, "उतरा आता, गावाला काय तुमच्यावाचून सकाळ व्हायची न्हाय का?" अण्णा म्हणतात, "व्हईल की. पर कुणाला कळंल?" आई तुळजाभवानीनं त्यांच्या खांद्यात बळ ठेवावं, दोन्ही डोळ्यांत लख्ख उजेड ठेवावा, काकूंची ही रोजची तक्रार त्यांनी अजून पंचवीस वर्षं रोज ऐकावी, आणि शंभरीच्या सकाळी फळ्यावर पहिली ओळ त्यांनीच लिहावी. शिडी धरायला मी येईन.

एक नोंद राहिली. माळावरच्या माणसांनी नावं पुसली तो व्हिडिओ कुणी तरी काढला होता. तो फिरत फिरत पुण्यात संगणकाची अक्षरं तयार करणाऱ्या मंडळींकडं पोचला. त्यांना त्या अठरा नावांचं अक्षर आवडलं. ते गावी आले, ओसरीवर बसले आणि म्हणाले, अण्णांच्या हाताचा फॉन्ट करू, त्याला "त्र्यंबक" नाव देऊ, कुठल्याही संगणकावर कुणालाही त्या अक्षरात लिहिता येईल. अक्षरांच्या वळणांचं काम माझ्याकडंच येणार होतं, म्हणून मी अण्णांना हो म्हणा म्हणालो. अण्णांनी त्यांना चहा दिला आणि विचारलं, "माज्या अक्षरात कुणी खोटं लिवलं, तर लोक कुणाच्या दारात यायचे?" पाहुण्यांनी कराराचा कागद पुढं केला. अण्णांनी हात जोडून नको म्हटलं. त्या कागदावर लिहिलेलं होतं: फॉन्टचे सर्व हक्क कायमचे, मोबदला एकरकमी, दोन लाख पंच्याहत्तर हजार रुपये.